कार्पेट बसवायची हत्यारं: विकत घ्यायची की भाड्याने आणायची? (सांगली-सातारा)

प्रश्न: विश्रामबाग इंटेरियर, सांगली

इंटेरियरची कामं सांगली, मिरज, तासगाव आणि वर कराड-सातारा पट्ट्यात चालतात. कार्पेटचं काम आतापर्यंत बाहेरच्या फिटरकडे होतं, आता ते स्वतःच्या टीमने करायचं ठरलंय. समोर तीन कामं आहेत.

१. साताऱ्यात हॉटेलचा बँक्वेट हॉल, ४० × ३० फूट. खाली जुनी पॉलिशची कोटा फरशी. १२ फुटी रोलचं ब्रॉडलूम कार्पेट, डिझाइनवालं. अंडरले (कार्पेटखालचा मऊ थर) नाही.

२. विश्रामबागला बंगल्यात होम थिएटर, १६ × १२ फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल. पायाखाली मऊ लागलं पाहिजे, म्हणून अंडरले हवाच असं घरच्यांचं म्हणणं.

३. सांगलीत ऑफिस, ९०० चौरस फूट, ५० × ५० सेंटिमीटरच्या कार्पेट टाइल.

यानंतर महिन्याला एखादं काम येईल असा अंदाज आहे. हत्यारांची यादी काढली तर पॉवर स्ट्रेचर (समोरच्या भिंतीला टेकवून कार्पेट ताणायचं हत्यार), नी-किकर (गुडघ्याने रेटून कार्पेट सरकवायचं लहान हत्यार), जोडाची इस्त्री, वजनी रोलर, जोड कापायचा कटर, भिंतीकडेचा ट्रिमर आणि जिन्याची छिन्नी अशी लांबते. सगळं विकत घ्यायचं तर बरेच पैसे अडकतात. भाड्याने आणायचं तर पुण्या-मुंबईकडेच बघावं लागतं, कारण आपल्याकडच्या भाड्याच्या दुकानांत ब्रेकर, व्हायब्रेटर, कटर, जनरेटर मिळतात, कार्पेटचं काही मिळत नाही. काय घ्यावं, काय आणावं? आणि पॉवर स्ट्रेचर न घेता किकरवर भागेल का?

---

उत्तर १: फरशीकाम सातारा

दादा, यादी हत्यारांपासून सुरू केलीत म्हणून लांबली. आधी प्रत्येक कामाची पद्धत ठरवा. कार्पेट ताणून बसवायचं, थेट चिकटवायचं की टाइल लावायच्या, यावर हत्यार ठरतं. तुमची तीन कामं तीन वेगळ्या पद्धतींची आहेत आणि जोडाची गरम इस्त्री यातल्या एकालाही लागत नाही. ती यादीतून आताच काढा.

इस्त्री लागते ती ताणून बसवलेल्या कार्पेटला, दोन पट्टे खालून गरम-गोंदाच्या टेपवर जोडायचे असतात तेव्हा. हॉलचं कार्पेट तुम्ही थेट फरशीला चिकटवणार, तिथे जोड फरशीवरच्या गोंदावर बसतो आणि दोन कडांमध्ये जोडाचा सीलर (कड बंद करणारा गोंद) जातो. होम थिएटर १२ फूट रुंद आहे, तिथे ४ मीटर रुंदीचा रोल मागवलात तर जोडच येणार नाही. १२ फुटी रोल मात्र तिथे घेऊ नका. कागदावर खोली १२ फूट असली तरी प्लॅस्टर कुठे आत, कुठे बाहेर असतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्तीचं कापड हातात नसेल तर ट्रिमर चालवायला जागाच उरत नाही.

आता हॉलचा हिशेब. १२ फुटी रोल ४० फुटाच्या दिशेने टाकलात तर ३० फुटात अडीच पट्टे बसतात, म्हणजे तीन घ्यावे लागतात. प्रत्येकी ४० फूट ६ इंच धरून १२१.५ फूट लांबी, १४५८ चौरस फूट माल. जोड दोन, एकूण ८० फूट. ३० फुटाच्या दिशेने टाकलात तर चार पट्टे, प्रत्येकी ३० फूट ६ इंच, १२२ फूट. माल जवळपास तेवढाच, पण जोड तीन आणि ९० फूट. म्हणून लांबीच्या दिशेने. मुख्य दाराच्या समोरून आडवा जोड जाऊ नये आणि मोठ्या खिडकीचा उजेड जोडावर आडवा पडू नये, एवढं त्यात सांभाळा. कार्पेट डिझाइनवालं आहे म्हणून डिझाइन किती फुटांनी परत येतं ते नमुन्यावर मोजा. ते ३ फूट असेल तर प्रत्येक पट्टा ४०.५ वर थांबत नाही, ४२ फुटांचा घ्यावा लागतो. तीन पट्ट्यांचे १२६ फूट, १५१२ चौरस फूट. ऑर्डर देताना हे विसरलं की तिसऱ्या पट्ट्यावर माल कमी पडतो, आणि पुन्हा मागवलेला रोल वेगळ्या लॉटचा असला तर रंग जुळत नाही.

सगळ्या पट्ट्यांची लव (वरचे मऊ धागे) एकाच दिशेला ठेवा. मागच्या बाजूला प्रत्येक पट्ट्यावर खडूने बाण काढून ठेवा, कापल्यावर दिशा ओळखू येत नाही.

गोंद निवडताना इथे सर्रास एक चूक होते. सुतारकामाचा सिंथेटिक रबरचा गोंद साइटवर असतोच, तोच कार्पेटला लावला जातो. दोन्ही बाजूंना लावून सुकवून टेकवायचा हा गोंद टेकला की हलत नाही. साधं कार्पेट असेल तर निभावतं, पण डिझाइन जुळवताना पट्टा पाव इंच सरकवावा लागतो आणि तिथेच अडकायला होतं. शिवाय त्यातलं सॉल्व्हंट पेट घेणारं असतं. बंद हॉलमध्ये १२०० चौरस फुटांवर ते पसरायचं आणि शेजारी वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू, हे करूच नका. पाण्यावर आधारलेला कार्पेटचा ॲक्रिलिक गोंद मागवा. तो दात्यांच्या पट्टीने फक्त फरशीवर पसरायचा, थोडा चिकट होऊ द्यायचा आणि मग कार्पेट टाकायचं. सरकवायला वेळ मिळतो.

क्रम असा. तिन्ही पट्टे कोरडे अंथरून डिझाइन जुळवा. पहिल्या जोडाशी पहिला आणि दुसरा पट्टा अर्धा-अर्धा मागे दुमडा. फरशीवर जोडाची रेघ लाईन दोरीने आधीच मारलेली असली पाहिजे. गोंद पसरा, वाट बघा, पहिला पट्टा रेघेवर टाका. त्याच्या कापलेल्या कडेला सीलरची बारीक रेघ सोडा. ती फक्त कार्पेटच्या पाठीच्या (खालच्या कापडाच्या) जाडीइतकी असावी, लवेला लागली तर काळी रेघ कायमची दिसते. मग दुसरा पट्टा टेकवा. डिझाइन कुठे मागे राहिलं तर किकरने हळू पुढे सरकवा, म्हणजे किकर या कामातही लागतो. शेवटी वजनी रोलर दोन्ही दिशांनी. २४ तास कोणी चालू नये. बँक्वेटची टेबलं आणि खुर्च्यांच्या ट्रॉल्या ४८ ते ७२ तास लांब ठेवा. हॉटेलवाले दुसऱ्या दिवशीचं लग्न घेऊन बसलेले असतात, तेव्हा ही तारीख आधीच लेखी घ्या.

कोटाचं जुनं पॉलिश आणि मेण घासून काढायचं राहिलं तर गोंद मेणाला धरतो, फरशीला धरत नाही. सांधे खोल असतील तर लेव्हलिंग कंपाउंड भरा, नाहीतर सहा महिन्यांत फरशीची चौकट कार्पेटवर उमटते. फरशी घासायचं मशीन मात्र आपल्याकडे भाड्याने मिळतं, ते आणा.

---

उत्तर २: कुपवाड टूलरूम

वर पद्धत नीट सांगितलीय. मी हत्यारांपुरतं लिहितो. माझी कसोटी एकच आहे: ज्याची धार, दाते किंवा खाच झिजते आणि त्या झिजेचा काम बिघडण्याशी थेट संबंध आहे ते भाड्याने आणायचं नाही. जे जड आहे, क्वचित लागतं आणि दुसऱ्याने वापरलं तरी बिघडत नाही ते भाड्याने चालतं.

दात्यांची पट्टी, म्हणजे नॉच ट्रॉवेल, पहिल्या गटात येते. ३ मिलिमीटरची खाच कोटावर घासून अर्धी झाली की चौरस फुटाला गोंदही अर्धा पडतो आणि कार्पेटखाली फुगे राहतात. फुगा दिसला की लोक कार्पेटला दोष देतात. १२०० चौरस फुटांना किमान दोन पट्ट्या ठेवा आणि खाच परत काढायला तीनधारी कानस सोबत ठेवा. खाच कोणती लागेल ते कार्पेटच्या पाठीवर अवलंबून असतं, गोंदाच्या डब्यावर दिलेलं असतं. तेच पाळा.

जोड कापायचा कटर आणि भिंतीकडेचा ट्रिमर विकतच. भाड्याच्या ट्रिमरची खालची प्लेट वाकलेली असली तर तो भिंतीलगत एक-दोन मिलिमीटर जास्त कापतो आणि ती फट तुमच्या नावावर जाते. लूप लवेचं (न कापलेल्या वेटोळ्या धाग्यांचं) कार्पेट असेल तर आधी स्क्रू-ड्रायव्हरने दोन ओळींमधली वाट उघडा, मग त्या वाटेतून कटर चालवा. सरळ पट्टी ठेवून ओळी आडव्या कापल्या तर कडेचा धागा एकदा ओढला गेला की स्वेटर उसवतो तशी अख्खी ओळ उसवते. ब्लेडवर कंजूषी नको. पाठीचं कापड ब्लेड लवकर बोथट करतं. कापताना आवाज बदलला, कापण्याऐवजी ओढल्यासारखं लागलं, की पातं बदला.

किकर विकत घ्या. लहान आहे, दर कामात लागतो आणि त्याची जुळवणी तुमच्या हाताला बसली पाहिजे. पुढे दोन तऱ्हेचे दाते असतात: लव धरणारे बारीक आणि पाठीपर्यंत जाणारे मोठे. मोठे दाते डायल फिरवून कमी-जास्त बाहेर काढता येतात. ते लवेतून पाठीपर्यंतच पोचले पाहिजेत. जास्त बाहेर काढले तर खालचा अंडरले धरून ओढतात, कमी ठेवले तर लव उपटतात. नवं कार्पेट आलं की कोपऱ्याच्या टाकाऊ तुकड्यावर डायल लावून बघायचं, मगच खोलीत जायचं.

रोलर. ब्रॉडलूम चिकटवायला साधारण ३४ किलोचा (७५ पौंडी) वापरतात, विनाइलला ४५ किलोचा. हा झिजत नाही म्हणून भाड्याला योग्य, पण पुण्याहून ३४ किलो लोखंड आणायचं-न्यायचं भाडं त्याच्या रोजच्या भाड्याहून जास्त पडेल. याला माझं तिसरंच उत्तर आहे: बनवून घ्या. १०० मिलिमीटर व्यासाचा भरीव एमएस (साध्या पोलादाचा) रॉड मीटरला सुमारे ६१.७ किलो भरतो. ५० सेंटिमीटरचे झाले जवळपास ३१ किलो. दांडा आणि चौकटीचे तीन किलो धरले की ३४. मात्र रॉड अख्खा ठेवू नका. त्याचे तीन तुकडे करून मधून २५ मिलिमीटरचा एक्सल घाला, म्हणजे तुकडे वेगवेगळे फिरतील. फरशी थोडी खालीवर असली तरी दाब सगळीकडे पडतो आणि वळवताना कार्पेट ओढलं जात नाही. कडा टर्निंगवर चांगल्या गोल करून घ्या, धारदार कड कार्पेटवर रेघ उठवते. कुपवाड एमआयडीसीत कुठलाही टर्निंगवाला हे करून देईल. गोंद लागला तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसा. सुकलेला गोंदाचा गोळा पुढच्या कामात प्रत्येक फेऱ्याला कार्पेटवर ठसा देतो.

पॉवर स्ट्रेचर. इथेच भाडं की विकत हा खरा प्रश्न आहे. हिशेबाची रीत सांगतो, आकडे फक्त समजण्यापुरते, तुमच्या कोटेशनचे घाला. समजा किंमत ३६,००० आणि तीन वर्षांनी १२,००० ला विकला जाईल, म्हणजे खर्च २४,०००. भाडं दिवसाला ८०० असलं तरी काम एक दिवसाचं आणि भाडं तीन दिवसांचं लागतं, कारण एक दिवस येण्यात आणि एक जाण्यात जातो: २,४००. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल येऊन-जाऊन ६००. एका कामाचे झाले ३,०००. २४,००० ला ३,००० ने भागलं की ८ कामं. तीन वर्षांत ताणून बसवायची आठ कामं येणार असतील तर दोन्ही सारखंच. तुम्ही म्हणता महिन्याला एक काम. त्यातली ताणून बसवायची किती, हे मोजा. सगळी कार्पेटची कामं मोजलीत तर हिशेब फसेल. आपल्याकडे टाइल आणि कोटावर बहुतेक कामं चिकटवायचीच असतात.

जीएसटी नेहमीच्या पद्धतीने भरत असाल तर हत्याराच्या बिलावरचा कर परत मिळतो, म्हणून तुलना करताना किंमत कर वगळून धरा. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर तो मिळत नाही, पूर्ण किंमत धरा.

---

विश्रामबाग इंटेरियर, सांगली

दोघांचे आभार. रोलर बनवून घेतोच. दोन शंका. एक, होम थिएटर एकच खोली आहे, १६ × १२. त्यासाठी स्ट्रेचर आणायचा की किकरने चालेल, हे अजून सुटलं नाही. दोन, ऑनलाइन एक परदेशी जोडाची इस्त्री बरीच स्वस्त दिसतेय. आज लागत नसली तरी पुढच्या कामांसाठी घेऊन ठेवावी का?

---

उत्तर ३: कार्पेट-पडदे मिरज

किकरने भागत नाही. याची दोन कारणं आहेत, एक कार्पेटचं आणि एक गुडघ्याचं.

कार्पेटचं आधी. ताणून बसवलेलं कार्पेट लांबी-रुंदीत साधारण १ ते १.५ टक्के ताणलं गेलं पाहिजे. १६ फूट म्हणजे १९२ इंच, त्याचे जवळपास २ ते ३ इंच. १२ फुटात दीड ते सव्वादोन इंच. किकरने गुडघा मारून कार्पेट ग्रिपरवर (भिंतीकडेच्या खिळ्यांच्या पट्टीवर) चढवता येतं, एवढ्या लांबीत दोन इंच ओढता येत नाही. त्या दिवशी खोली सपाट दिसते. मग पावसाळ्यात हवेतला ओलावा वाढतो, कार्पेट थोडं सैल पडतं, आणि गणपतीपर्यंत मधोमध लाटा उठतात. मग सगळ्या कडा उचलून पुन्हा ताणायचं, त्यात ग्रिपरचे खिळे वाकतात ते वेगळंच. अमेरिकेतल्या कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूटच्या बसवणुकीच्या मानकातही ताणून बसवायच्या कामाला पॉवर स्ट्रेचर लागतोच असं आहे, किकर फक्त जागेवर सरकवायला आणि कडा अडकवायला.

आता गुडघा. अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९० मध्ये कार्पेटवाल्यांच्या गुडघ्यांविषयी खास इशारा काढला होता. तिथल्या कामगारांत कार्पेट बसवणारे ०.०६ टक्क्यांहूनही कमी, पण गुडघ्याच्या दुखापतीच्या भरपाईच्या दाव्यांत त्यांचा वाटा ६.२ टक्के. एवढ्या एका आकड्यावर टीमला गुडघ्याच्या गाद्या घेऊन द्या आणि किकर कमीत कमी वापरायला सांगा. पोरं विशी-पंचविशीतली असतात, त्यांना आज काही वाटत नाही.

म्हणून या कामाला स्ट्रेचर भाड्यानेच आणा, पण दिवस वाया जाणार नाही अशी तयारी करून. स्ट्रेचर पोचायच्या आधी हे झालेलं असावं:

ग्रिपर. खोलीचा घेर ५६ फूट, दाराचे ३ वजा केले की ५३. ४ फुटी पट्ट्या धरल्या तर १४, तुटफूट धरून १६ आणा. व्हिट्रिफाइडवर खिळे मारू नका, टाइल तडकते आणि तडा दिसतो तो कार्पेट उचलल्यावर. जिथे पट्टी बसणार तेवढीच टाइल ६० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी उतरवा, धूळ पुसा आणि पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी गोंदाने पट्टी चिकटवा. पूर्ण २४ तास द्या. घाईत ताण दिला तर पट्टी सुटून येते, आणि एक सुटली की शेजारच्यांवर ताण जाऊन ओळीने सुटतात. पट्टीचे टोकदार खिळे भिंतीकडे झुकलेले हवेत. भिंत आणि पट्टी यांच्यात फट कार्पेटच्या जाडीच्या साधारण दोन-तृतीयांश, जास्तीत जास्त १० मिलिमीटर. कार्पेटची कड त्या फटीतच दाबून बसते. फट जास्त झाली तर कड आत पडते, नसलीच तर कड वर फुगून दिसते.

अंडरले ग्रिपरपाशी संपवायचा, त्यावर चढवायचा नाही. जाडी ११ मिलिमीटरच्या आत ठेवा. मऊ हवं म्हणून २० मिलिमीटरचा फोम घातला तर कार्पेट पावलागणिक खालीवर होतं आणि ग्रिपरवरून सुटतं. घरच्यांना हे आधीच सांगा. मऊपणा फक्त जाडीवर नाही, फोमच्या घनतेवरही अवलंबून असतो.

दरवाजा. अंडरले आणि कार्पेट मिळून १८ ते २० मिलिमीटर उंची वाढते. दाराखालची फट मोजा, लागलं तर सुताराकडून आधीच रंधून घ्या.

भिंती. स्ट्रेचरचं शेपूट (मागचं टोक) समोरच्या भिंतीवर रेटतं. होम थिएटरला भिंतीवर कापडी अकूस्टिक पॅनेल येणार असतील तर कार्पेट आधी, पॅनेल नंतर. पॅनेल लागलेले असतील तर ते आत दबतील. उघड्या भिंतीलाही ३-४ फुटी जाड फळी आडवी लावा, मागे कार्पेटचा तुकडा ठेवा आणि शेपूट फळीवर टेकवा. नाहीतर स्कर्टिंगची टाइल किंवा भिंतीचं पीओपी फुटतं.

एवढी तयारी असली की ताणायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. एका कोपऱ्यात दोन्ही भिंतींना किकरने कार्पेट अडकवा. स्ट्रेचरचं डोकं (दात्यांचं टोक) भिंतीपासून साधारण ६ इंचांवर ठेवून लांबीच्या दिशेने दुसऱ्या कोपऱ्याकडे ताणा, अडकवा. मग रुंदीच्या दिशेने तिसरा कोपरा. मग राहिलेल्या भिंती. डोकं दर वेळी त्याच्या रुंदीइतकं सरकवत जा, मध्ये जागा सोडली की तिथे झोळ राहतो. कापायचं सगळ्यात शेवटी, चारही भिंती अडकल्यावर.

इस्त्रीचं: परदेशी स्वस्त इस्त्री घेण्याआधी खालची प्लेट वाचा. अमेरिकेतली १२० व्होल्टची असते. ती आपल्या २३० ला लावली तर कॉइलवर सुमारे पावणेचारपट वॉट पडतात आणि ती जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, तो इस्त्रीच्या वॉटच्या दीडपट क्षमतेचा घ्या, पण तो जिन्याने वर न्यायचा त्रास आणि त्याची किंमत धरली तर स्वस्त इस्त्री स्वस्त राहत नाही. २३० व्होल्टचीच बघा. आणि ती कधी घ्याल तर सगळ्यात कमी उष्णतेपासून सुरुवात करा. कार्पेटची पाठ बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते, ती १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. गोंद पटकन वितळावा म्हणून डायल वर नेला की पाठ आकसते आणि जोड डोंगरासारखा वर येतो. इस्त्री पुढे सरकली की मागच्या जोडावर सपाट लाकडी फळी ठेवून थंड होऊ द्या. थंड व्हायच्या आत ताणलं तर जोड उघडतो.

---

उत्तर ४: कराड साइट

ऑफिसच्या टाइलचं कोणी लिहिलं नाही म्हणून. या कामाला भाड्याचं काहीच लागत नाही. चांगली सुरी, जाड लोखंडी पट्टी, गुण्या, लाईन दोरी, रंगकामाचा रोलर. एवढंच.

९०० चौरस फूट म्हणजे ८३.६ चौरस मीटर. मीटरला ४ टाइल, म्हणजे ३३५. पाच टक्के तुटफूट धरून ३५२. पेटीत २० येत असतील तर १८ पेट्या, ३६० टाइल. उरलेल्या ऑफिसमध्येच ठेवायला सांगा, चहा सांडलेली टाइल बदलायला त्याच लॉटच्या लागतात.

खोलीचा मध्य काढा, ३-४-५ ने (३, ४ आणि ५ फूट बाजूंच्या त्रिकोणाने) काटकोन तपासा आणि दोन्ही भिंतींकडे कापलेली टाइल अर्ध्याहून लहान येत असेल तर मध्यरेघ अर्धी टाइल सरकवा. टॅकिफायर, म्हणजे टाइल परत निघू देणारा चिकट गोंद, रोलरने अगदी पातळ लावा. तो पांढरा असताना टाइल टाकू नका, पारदर्शक आणि बोटाला चिकट झाल्यावर टाका. खाली व्हिट्रिफाइड टाइल असेल तर ती पाणी शोषत नाही, म्हणून गोंद सुकायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ घेतो. ओल्यावर टाकली तर टाइल सरकते आणि पुढे काढताना सुटत नाही. पाठीवरचा बाण बघा. दहा टाइल बसवल्या की टेप लावा, ५ मीटर आलं पाहिजे. कमी आलं तर टाइल दाबून बसल्यात, सांधे वर उचलले जाणार. जास्त आलं तर सांध्यांत लव अडकलीय किंवा फट राहिलीय.

आणि तिन्ही कामांना लागू: तळमजला असेल तर ओल तपासल्याशिवाय गोंदाचा डबा उघडू नका. ४५ × ४५ सेंटिमीटरचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा फरशीच्या सांध्यावर ठेवून चारही कडा टेपने बंद करा, किमान १६ तास तसाच ठेवा. खाली थेंब धरले किंवा फरशी काळवंडली तर पाण्यावरचा गोंद त्यावर टिकणार नाही. पावसाळ्यात हे एकाच जागी करून भागत नाही, खोलीच्या तीन-चार कोपऱ्यांत करा. सांगलीत नदीकाठच्या भागात २०१९ आणि २०२१ ला पाणी शिरलं होतं. अशा तळमजल्याला मी तरी ब्रॉडलूम सुचवणार नाही. टाइल सुचवेन, पाण्याचा इशारा आला की उचलून वर नेता येतात.

---

उत्तर ५: फरशीकाम सातारा

स्ट्रेचर भाड्याने मागवताना एवढं करा. फोनवर नळ्या किती आणि सगळ्या जोडून लांबी किती होते ते विचारा. तुम्हाला १६ फुटांना पुरेल एवढ्या हव्यात. डोक्याच्या दात्यांचा जवळून फोटो मागवा. वाकलेले किंवा तुटलेले दाते लव फाडतात आणि ती भरपाई तुमच्याकडून जाते. पेटी उघडताना व्हिडिओ काढा, शेपूट, नळ्या, पिना मोजा. बऱ्याचदा एखादी पिन कमी असते आणि ती नसली तर अख्खी नळी निरुपयोगी. पिनेच्या मापाचे दोन बोल्ट खिशात ठेवलेत तर दिवस वाचेल. परत पाठवताना तोच व्हिडिओ पुन्हा काढा, डिपॉझिट सुटायला लागतो.

पार्सल ग्रिपर चिकटवून २४ तास पूर्ण झाल्यावर सकाळी हातात येईल अशा बेताने बुक करा. सांगलीहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, रात्रीच्या गाडीने सकाळी पोचतं. शनिवारी मागवू नका, रविवारी परत पाठवायला कोणी घेत नाही आणि भाडं मात्र चालू राहतं.

जिन्याची छिन्नी यादीत होती. जिन्याचं काम हातात नाही तोवर थांबा. रुंद, बोथट केलेल्या छिन्नीवर होम थिएटरच्या कडा फटीत दाबायचं काम होतं. फक्त तिची धार पूर्ण घासून गोल करा, नाहीतर कड दाबताना कार्पेट कापलं जाईल.